उभी नदी

नाशिकमध्ये वाढलेल्या माझ्यासारखीला गोदावरी आडवी माहीत. घर पंचवटीत, शाळा पलीकडे गावात; दिवसातून दोनदा होळकर पूल ओलांडायचा. सायकलवर जरा जोर लावला की नदी संपायची. पावसाळ्यात पुलाच्या कठड्याला माणसं चिकटून उभी असायची. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून गावाला पुराचा अंदाज यायचा आणि त्या दिवशी घरोघर तोच विषय असायचा. उन्हाळ्यात आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाय बुडवायचो. पण ते पाणी येतं कुठून आणि रामकुंडावरून पुढे गेल्यावर त्याचं काय होतं, हे त्या पायांना कधी कळलं नाही. नदी म्हणजे अलीकडचा काठ, पलीकडचा काठ आणि मधला पूल.

बाबांना ती उभी माहीत होती. ते पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या नकाशात नदी कागदाच्या एका कडेने आत शिरायची आणि दुसऱ्या कडेने बाहेर पडायची. मधे गंगापूर, नांदूरमधमेश्वर, मग पुढचा कागद. मी सहावीत असेन. नकाशावर ‘उजवा कालवा’ वाचून मी विचारलं, उजवा म्हणजे कुणाच्या उजवीकडचा? बाबा मला घाटावर घेऊन गेले. म्हणाले, “पाणी जिकडे चाललंय तिकडे तोंड करून उभी राहा. आता तुझा उजवा हात तो नदीचा उजवा तीर.” मी तशी उभी राहिले. तोवर मी नदीकडे तोंड करून उभी राहिले होते, नाहीतर पाठ करून. ती जाते तिकडे तोंड करून पहिल्यांदाच. दोन खांद्यांवर दोन काठ येऊन टेकल्यासारखे वाटले.

चाळीस वर्षांनी ते उभं राहणं आता उपयोगी पडतंय. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी लेक अमेरिकेतल्या युटा राज्यात ग्रीन नदीवर कनू घेऊन उतरणार आहोत. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, वल्ह्याने चालवायची होडी. १० दिवस, ९ रात्री, १२० मैल. म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर. मी हे लिहितेय तेव्हा नदी अजून पाच आठवडे लांब आहे. पण गेले तीन महिने घरात दुसरं काही नाही. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर नकाशा असतो आणि उरलेल्या अर्ध्यावर आम्ही जेवतो.

आम्ही डेन्व्हरला राहतो. इथून आय-सेव्हन्टी महामार्गाने पश्चिमेला साडेपाचशेक किलोमीटर गेलं की ग्रीन रिव्हर नावाचं लहानसं गाव लागतं. नदीचंच नाव गावाला. खरबुजांसाठी ते प्रसिद्ध आहे. सप्टेंबरात तिथे खरबुजांचा उत्सव भरतो. पहिल्यांदा तिथलं खरबूज कापलं तेव्हा मला गोदेच्या वाळूतल्या वाड्यांची आठवण झाली होती. नदी तुमच्यासाठी काय करते ते फळाच्या गोडीत कळतं. या गावाशी महामार्गाचा पूल आहे. लेक पाळण्यातल्या वयाची होती तेव्हापासून आम्ही तो ओलांडतोय, दर खेपेला दहाएक सेकंदांत. गेल्या वर्षी परतताना ती गाडी चालवत होती. पूल मागे पडल्यावर म्हणाली, “आई, आपण ही नदी किती वेळा ओलांडली गं? एकदा तिच्याबरोबर जाऊ या.”

लेकीने कॉलेजात असताना सुट्ट्यांमध्ये कनू चालवली आहे. मागची जागा तिची, कारण होडीची दिशा मागचा माणूस सांभाळतो. मी पुढे. पुढच्याचं काम ताल धरणं आणि पाण्याखालची वाळू, लाकूड, दगड बघून सांगणं. तिला वाढवताना मी कायम मागे होते, सायकलच्या मागे, रस्त्यावर मागे. आता ती मागे आणि मी पुढे, तेही तिच्याकडे न बघता. याचा विचार मी गेल्या काही रात्री करते आहे.

या पट्ट्याचा नकाशा पुस्तकाच्या रूपात मिळतो, न भिजणाऱ्या कागदावर. पान उलटलं की नदी पुढे सरकते. आपल्या सवयीच्या नकाशात नदी एक रेघ असते आणि बाकीचा मुलूख सगळा कागद व्यापतो. इथे नदी पानाच्या मधोमध आहे आणि मुलूख तिच्या दोन बाजूंना जेमतेम मावतो. काठावरून पाच मैल आत काय आहे, हे या पुस्तकाला सांगायचंच नाही. मैलांचे आकडे मोजलेत ते संगमापासून. ग्रीन नदी कोलोराडो नदीला मिळते तिथे शून्य, आणि तिथून वर, प्रवाहाच्या उलट. गावातला उताराचा धक्का १२०व्या मैलावर. म्हणजे आम्ही निघू तेव्हा आमच्याकडे १२० असतील आणि रोज त्यातले थोडे खर्च होतील. नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडापासून अंतरं बाहेर जातात, असं शाळेत शिकलो होतो. या नदीवर सगळी अंतरं शून्याकडे येतात आणि ते शून्य म्हणजे दोन पाण्यांची भेट आहे. त्या भेटीच्या वरच्या अंगाला आज जिला कोलोराडो म्हणतात, तिचं नाव १९२१ सालापर्यंत ग्रँड होतं. ग्रँड आणि ग्रीन मिळून कोलोराडो, असं होतं. मग कायदा करून ग्रँडचं नाव पुसलं आणि कोलोराडो वरपर्यंत नेली. दोघी मिळून तिसरीचं नाव घेत, तेच मला जास्त आवडतं.

पहिले ६८ मैल लॅबिरिंथ कॅन्यन, म्हणजे वाट चुकवणाऱ्या वळणांची दरी. पुढचे ५२ स्टिलवॉटर, संथ पाण्याची दरी. दोन्ही नावं जॉन वेस्ली पॉवेलची. नदीच्या या भागाला जाणारा कुणीही त्याच्याविषयी वाचल्याशिवाय राहत नाही. १८६९च्या २४ मे रोजी वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर स्टेशनावरून दहा माणसं चार होड्यांत बसून निघाली. खंड ओलांडणारी रेल्वे दोनच आठवड्यांपूर्वी पुरी झाली होती आणि शिकागोत बांधलेल्या होड्या तिनेच नदीवर आणून दिल्या होत्या. पॉवेलचा उजवा हात यादवी युद्धात, १८६२ साली शायलोच्या लढाईत गेला होता. त्याच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मी मात्र त्याची बांधाबांध वाचत बसते. दहा महिन्यांचा शिधा त्याने घेतला आणि तो होड्यांमध्ये वाटून भरला, म्हणजे एक होडी गेली तरी सगळं पीठ किंवा सगळी हत्यारं जाणार नाहीत. पण हवेचा दाब मोजायची तिन्ही यंत्रं एकाच होडीत ठेवली गेली. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच लोडोर कॅन्यनमध्ये नेमकी तीच होडी खडकांवर फुटली. माणसं वाचली. दुसऱ्या दिवशी दोघांनी जीव धोक्यात घालून फुटक्या होडीच्या तुकड्यातून ती यंत्रं काढून आणली. शिध्याचा मोठा वाटा मात्र गेला आणि उरलेलं पुढे भिजत, आंबत गेलं. ऑगस्टच्या अखेरीस ग्रँड कॅन्यनच्या खाली सहाच जण बाहेर आले, तेव्हा त्यांच्याजवळ उरलं होतं ते थोडं पीठ, सुकी सफरचंदं आणि कॉफी.

ते वाचलं त्या दिवसापासून आमच्या यादीत काड्यापेटी दोन पिशव्यांत आहे, औषधं दोन पिशव्यांत आहेत, आणि गाडीच्या किल्ल्यासुद्धा.

पॉवेलच्या आधीही ही नदी उभी पाहिलेली माणसं होती. संगमाच्या वरच्या अंगाला फोर्ट बॉटम नावाच्या जागी टेकाडावर दगडी वास्तूचे अवशेष आहेत, प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी बांधलेले, युरोपातलं कुणी इथे येण्याच्या कित्येक शतकं आधीचे. लॅबिरिंथ कॅन्यनच्या शेवटाजवळ हेल रोअरिंग नावाच्या फाट्यात एका फासेपारध्याने खडकावर नाव कोरलंय: डी. ज्युलियन, १८३६, ३ मे. महिन्याचं नाव फ्रेंचमध्ये. शेजारी एक होडी कोरलेली आहे. नाव, तारीख आणि होडी. माणसाने आपल्याबद्दल याहून जास्त सांगायची गरज नाही असं मला वाटतं. आज तिथे नवं काही कोरायला मनाई आहे, ते योग्यच.

बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. कनूचं ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “विसर्ग किती?”

या प्रश्नाने मला नदीच्या जवळ नेलं. नकाशा बघून, चित्रं बघून जे झालं नव्हतं ते या एका शब्दाने झालं. गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले, ही बातमी ऐकत आमचे सगळे पावसाळे गेले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरहून थोडं अधिक. अमेरिकेतली नदीही याच मापाने मोजतात. ग्रीन रिव्हर गावाशी मोजणीचं केंद्र आहे आणि त्याचा आकडा कुणालाही पाहता येतो, तासातासाचा. मी बाबांना तो कसा बघायचा ते दाखवलं. आता रोज त्यांची सकाळ आणि माझी रात्र या आकड्यावर भेटतात. “आज अठ्ठावीसशे,” ते म्हणतात. “काल एकतीसशे होतं. वरून कमी केलं वाटतं.” वर म्हणजे फ्लेमिंग गॉर्जचं धरण, १९६४ साली पुरं झालेलं. तेव्हापासून या नदीचा पूर बराचसा माणसाच्या हातात आहे. पण धरणाच्या खाली तिला यांपा मिळते आणि यांपावर अजून मोठं धरण नाही. त्यामुळे मे-जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळलं की युटातही ग्रीन फुगते, चांगल्या बर्फाच्या वर्षी वीस हजार क्युसेकच्या वर जाते. आयुष्य धरणांत घालवलेले बाबा हे ऐकून थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एक तरी तशी असावी.”

वीस हजाराला आम्ही जाणार नाही. तेव्हा वाळूचे पट्टे बुडालेले असतात, तंबू ठोकायला जागा मिळत नाही आणि डास माणसाला टिकू देत नाहीत. जुलै-ऑगस्टात ऊन भाजून काढतं आणि दुपारी वळवासारखे ढग येतात. पाऊस मैलोगणती लांब पडतो आणि कोरड्या ओहोळातून अचानक लोंढा येतो. म्हणून सप्टेंबरअखेर. पाणी अडीच-तीन हजार क्युसेक. गोदेला भर पावसाळ्यात एवढं पाणी म्हणजे काहीच नाही. त्या विसर्गाला ग्रीन तासाला तीनेक किलोमीटरने चालते, म्हणजे वारीतल्या म्हाताऱ्या माणसाच्या पावलाने. दिवसाला तेरा-चौदा मैल जायचे तर वल्हं मारावं लागणार, पण फार नाही. पहाटे निघायचं, कारण दुपारनंतर वारा दरीतून वर, नेमका आमच्या तोंडावर येतो. कोरड्या ओहोळाच्या तोंडाशी मुक्काम करायचा नाही. रात्री होडी पाण्यापासून लांब ओढून झाडाला बांधायची, कारण आपण झोपलो तरी नदी चढ-उतार करतच असते.

मुक्काम वाळूवर. इथे मराठीने मला एक भेट दिली. लेकीला ‘डेझर्ट’चा मराठी शब्द सांगताना मी वाळवंट म्हणाले आणि थांबले. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंट असतं. तिथे वाळवंट म्हणजे नदीने मागे सरून माणसांना करून दिलेली जागा. नाचायला, कीर्तनाला, निजायला. आणि थरचंही वाळवंटच, जिथे नदी नसते. ग्रीन नदीचा हा मुलूख दोन्ही अर्थांनी वाळवंट आहे. वर पठारावर वर्षाला वीस-पंचवीस सेंटीमीटर पाऊस आणि खाली दरीत, पाणी उतरलं की उघडे पडणारे ओलसर, सपाट पट्टे. आमच्या नऊही रात्री वाळवंटातल्या वाळवंटात जाणार आहेत. काठाला टॅमॅरिस्कची दाट झुडपं माजलेली आहेत. परमुलुखातून शोभेसाठी आणि माती धरायला आणलेली ही झाडं आता काठ अडवून बसलीत. म्हणून वाळू उघडी पडणं फार महत्त्वाचं. ती कुठे उघडी असेल ते पुस्तकात नाही. त्या वर्षीचं, त्या आठवड्याचं पाणी ते ठरवतं. आखणीच्या कागदावर मी रोजचा मैल लिहिलाय, पण मुक्कामाचं नाव लिहायच्या रकान्यात फक्त ‘वाळू’ असं लिहून ठेवलंय.

दोन परवाने काढावे लागतात. वरच्या दरीचा एक, खालच्या दरीचा दुसरा, कारण मधे कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. परवान्याबरोबर नियम येतात. लाईफ जॅकेट, जादा वल्हं, होडीतलं पाणी उपसायचं भांडं, डागडुजीचं सामान. हे सगळं मी भराभर मान्य केलं. पुढच्या नियमांशी मात्र मी बरेच दिवस थांबून राहिले.

शौच पक्क्या झाकणाच्या डब्यात करायचं आणि तो डबा दहा दिवस बरोबर बाळगून परत आणायचा. काठावर पुरायचं नाही. कोरड्या वाळूत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि पट्टे मोजकेच आहेत. हे कळतं. विस्तव पेटवायचा तर लोखंडी घमेल्यात, जमिनीवर नाही, आणि गार झालेली राखही बांधून परत न्यायची. नदीत टाकायची नाही. भांड्यांचं पाणी गाळून घ्यायचं, गाळणीतली शितं कचऱ्यात. आणि लघवी? ती वाळूत करायची नाही, थेट नदीत करायची. पाऊस नाही, त्यामुळे वाळूतला वास धुऊन जात नाही, आणि नदीचं पाणी इतकं आहे की तिला फरक पडत नाही.

मी हा नियम चार वेळा वाचला. माझी आजी नदीच्या दिशेला तोंड करून चूळसुद्धा भरत नसे. पाण्यात पाय घालण्याआधी ती वाकून पाण्याला हात लावून तो कपाळाला लावायची, पाय लागणार म्हणून आधी क्षमा मागायची. त्याच नदीत, तिच्या डोळ्यांदेखत, आम्ही निर्माल्याच्या पिशव्या सोडत होतो. रामकुंडावर मी आजीच्या अस्थी सोडल्या. तिथे अस्थी विरून जातात अशी श्रद्धा आहे आणि त्या दिवशी माझीही ती होती. आता मला एका चुलीची, दोन ओंडक्यांची राख पिशवीत बांधून घरी आणायची आहे, कारण या नदीत ती चालत नाही.

दोन्हीकडे नदीबद्दल आदरच आहे, हे मला पटायला वेळ लागला. एका ठिकाणी आदर म्हणजे आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं, सगळ्यात जड, तिच्या हवाली करणं. दुसरीकडे आदर म्हणजे आपलं काहीही तिच्याजवळ न ठेवणं. आजीची नदी घेऊ शकत होती. तिच्या लहानपणी काठावर माणसं थोडी होती आणि निर्माल्य म्हणजे खरोखर फुलंच होती. मी नियम पाळणार आहे, सगळे. राख परत आणणार आहे. आणि लघवीच्या नियमापुरतं, रोज सकाळी आधी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावणार आहे. हे परवान्यात लिहिलेलं नाही, पण मनाईही नाही.

मला भीती वाटते, हेही लिहायला हवं. नदीकाठी वाढून मला पोहता येत नव्हतं. वरून सोडलेल्या पाण्याने माणसं गेलेली बाबांनी पाहिली होती, त्यामुळे आम्हाला तिसऱ्या पायरीच्या खाली उतरायची परवानगी नव्हती. पोहायला शिकले ती पंचेचाळिसाव्या वर्षी, तलावात, तळाच्या निळ्या फरश्या मोजत. ग्रीनच्या पाण्यात तळ दिसत नाही. ते गाळाने भरलेलं असतं, आपल्या पहिल्या पुरासारखं. पट्ट्यावर धबधबे नाहीत, खळाळ नाही. संगमानंतर चारेक मैलांवर स्पॅनिश बॉटम नावाच्या जागी कनूने थांबायचंच, कारण त्याच्या पुढे कॅटरॅक्ट कॅन्यनचं उसळतं पाणी आहे. संगमाला रस्ता नाही. तिथून परत आणायला मोटारबोट येते आणि कोलोराडोतून उलट्या दिशेने मोआब गावाकडे घेऊन जाते. तिचा दिवस आणि वेळ ठरलेली आहे. सगळ्या प्रवासात घड्याळाचा संबंध एवढाच. मी लेकीला सांगितलं, मी लाईफ जॅकेट पूर्ण वेळ घालणार, दोन फूट पाण्यातसुद्धा. ती म्हणाली, “मीपण.” एवढ्यावर माझी बरीचशी भीती उतरली.

जेवणाचं ठरवणं सोपं गेलं. आपल्याकडे प्रवासाचं खाणं शतकानुशतकं तयारच आहे. दशम्या पहिल्या तीन दिवसांच्या, गूळपोळ्या, दाण्याची चटणी, मेतकूट, उपम्यासाठी भाजून ठेवलेला रवा, पिठल्यासाठी डाळीचं पीठ आणि सुक्या मिरच्या, लिंबाचं लोणचं. कांदे-बटाटे शेवटपर्यंत टिकतात. आई रोज फोनवर एक पदार्थ वाढवते. परवा कुरडया वाढल्या.

होडी आमची नाही, भाड्याने घेणार. तिची लांबी १७ फूट. सामान मावेल का, हे बघायला लेकीने गेल्या शनिवारी गॅरेजच्या फरशीवर खडूने होडी काढली. दोरी लावून, मापाने. मधला फुगवटा तीन फुटांचा, दोन्ही टोकं निमुळती. मला उगाच रांगोळीची आठवण झाली. मग आम्ही एकेक वस्तू तिच्यात ठेवत गेलो. तंबू, पथाऱ्या, न भिजणाऱ्या दोन मोठ्या पिशव्या, शिध्याची पेटी, घमेलं, तो डबा, दोऱ्या. जड ते तळाला आणि मधे. सगळं मावलं. मग पाणी ठेवायला घेतलं. माणशी दिवसाला चार लिटर, दोघींचं दहा दिवसांचं ८० लिटर, म्हणजे ८० किलो. खडूच्या रेषेत ते मावेना. मावलं असतं तरी लेक म्हणाली, होडी इतकी खाली बसेल की वाऱ्यात लाट आत येईल. आम्ही निम्मं काढून बाहेर ठेवलं. मग दोघी त्या होडीत बसलो, ती मागे, मी पुढे, सामानात पाय दुमडून. गॅरेजचं दार उघडं होतं. समोरून शेजारच्यांचा कुत्रा गेला. आम्ही बराच वेळ बोललो नाही. मागून तिच्या श्वासाचा आवाज येत होता आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मग तिने वल्हं म्हणून हातातला झाडू फिरवला आणि मीही नकळत त्याच्या तालात हात हलवला.

चौथ्या दिवशी आम्ही बोनॉट बेंडला पोचू. लेकीला मी ते सुरगाठीचं वळण म्हणून सांगितलं. तिथे नदी सात मैलांचा फेरा घेते आणि जिथून निघाली त्याच्या पावएक मैल जवळ परत येते. मधे फक्त एक कड. होडी बांधून त्या कडेवर चढलं की दोन्ही बाजूंना तीच नदी दिसते, एकीकडे सकाळी सोडलेली, दुसरीकडे संध्याकाळी गाठायची. माझी सगळी हयात आडवी गेली, म्हणून असेल. मला वाटलं होतं की मी हे वळण पायी ओलांडून मोकळी होईन, चारशे मीटर तर आहे. पण आता आखणीत तो अख्खा दिवस मी त्या फेऱ्यालाच दिलाय. बाबांना ते वळण नकाशावर दाखवलं. त्यांनी चष्मा पुढे ओढून बोटाने सगळा फेरा गिरवला. “इथे आम्ही बोगदा काढला असता,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “बरं झालं, कुणी काढला नाही.”

उरलेल्या ४० लिटर पाण्याचा प्रश्न राहिला. ते नदीतूनच घ्यायचं. पण एवढ्या गाळाने गाळणी दहा मिनिटांत तुंबते. इथले लोक रात्री बादल्या भरून ठेवतात, गाळ खाली बसू देतात, मग वरचं पाणी घेऊन गाळून, शुद्ध करून पितात. गाळ लवकर बसावा म्हणून त्यात काय घालतात, ते लेकीने वाचलं आणि मला इंग्रजी शब्द दाखवून विचारलं, “आई, हे काय असतं?”

तुरटी.

पंचवटीतल्या आमच्या मोरीत कोनाड्यात तुरटीचा खडा असायचा, वापरून गुळगुळीत झालेला. पूर आला की नळाला तांबडं पाणी यायचं. आई ते घागरीत भरायची आणि खडा हातात धरून घागरीत तीन-चार वेळा गोल फिरवायची. मग झाकण. मी झाकण उघडून बघायला गेले की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा. पाणी उकळायचं ते नंतर, आधी ते निवळायला हवं.

इथल्या भारतीय दुकानात तुरटी मिळाली, मसाल्यांच्या मागे, लहानशा पाकिटात. काल संध्याकाळी आम्ही परसातली चिकणमाती बादलीभर पाण्यात कालवली. लेकीने हात कोपरापर्यंत घालून ढवळली, अगदी नदीच्या रंगाची होईपर्यंत. मी खडा धरला आणि फिरवला. चार वेळा. माझा हात मोजमाप न विचारता थांबला. बादली ओट्याखाली ठेवली, वर ताट झाकलं.

सकाळी लेक माझ्याआधी उठली होती. मी आले तेव्हा ती बादलीपाशी उकिडवी बसली होती, ताट बाजूला, हातात लोटी. तळाशी बोटभर जाडीचा, मऊ, तपकिरी थर होता आणि त्याच्यावर पाणी इतकं स्वच्छ की बादलीच्या आतला कंपनीचा शिक्का वाचता येत होता. तिने लोटी कडेने, तिरपी, हळूच आत नेली.

“हलवू नकोस,” मी म्हणाले.